चार छोटे प्रोग्राम आणि एक अणुभट्टी

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही आणि ज्यांना आकडे डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं..." आणि चहाचे ब्रेक काढून टाकलेत. ऑडिओत मागे खडखड ऐकू येते, त्याबद्दल दोघा-तिघांनी मेसेज केलाय. माइक ठीक आहे. सोलापुरात मावशीच्या घरी बसून रेकॉर्ड केलंय आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू होते.

आजचा विषय दोन गोष्टी मिळून आहे. नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी चार व्यायाम, आणि त्या चार व्यायामांतून अणुऊर्जा म्हणजे नक्की काय ते समजून घेणं. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या ते आधी सांगतो.

विषय राहिला

माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या सेमिस्टरला तिचा प्रोग्रामिंगचा विषय राहिला. मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आलो त्या शनिवारी मावशीचा फोन आला, "अरे, ती शाखा बदलायची म्हणतीय. तू जरा बोल तिच्याशी."

मी गेलो. तिची वही बघितली. अक्षर सुंदर. मूळ संख्या ओळखण्याचा प्रोग्राम, फॅक्टोरिअल, फिबोनाची, चांदण्यांचा त्रिकोण, सगळं होतं. विचारलं, "हा लूप इथे का लावलास?" ती म्हणाली, "दादा, सरांनी तसाच दिलाय."

मला हसू आलं नाही, कारण आठ-नऊ वर्षांपूर्वी माझं उत्तर हेच होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण पहिल्या वर्षाला माझाही हाच विषय राहिला होता. मी प्रोग्राम पाठ केले होते. पेपरात चांदण्यांचा त्रिकोण उलटा करून विचारला आणि मी कोरा पेपर दिला. आज सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून पगार घेतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं ह्याला पहिल्यापासून येत होतं. त्या दिवशी तिला खरं सांगितलं. ती थोडी मोकळी झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की लूप शिकायला आधी असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय. चांदण्यांचा त्रिकोण कुणाला हवाय? तिला मी विचारलं, "घरात शेवटचं भांडण कशावरून झालं?" ती म्हणाली, "अणुभट्टीवरून."

झालं असं होतं की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, अणुवीज म्हणजे जमिनीत पुरलेला बॉम्ब वगैरे. काका म्हणाले बरोबर आहे. तिचा दादा म्हणाला कोळशापेक्षा बरं. दोघांकडेही एकही आकडा नव्हता. म्हटलं, चला, मिळाला आपल्याला प्रश्न.

सुरू करायच्या आधी

तुमच्याकडे लॅपटॉप नसला तरी चालेल. तिच्याकडेही नाही. फोनवर पायड्रॉईडसारखं ॲप घ्या किंवा ब्राउझरमध्ये ऑनलाइन पायथॉन उघडा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पायथॉनमध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत दिलेलं चालतं! म्हणजे "न्यूट्रॉन" हे नाव तुम्ही देवनागरीतच टाइप करू शकता. प्रिंट, फॉर, इन, रेंज हे पायथॉनचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितोय. गुणाकाराची खूण म्हणजे चांदणी.

प्रोग्राम १: एका दिवसाचा कोळसा (व्हेरिएबल आणि गुणाकार)

सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॉट. तिकडे पालघर जिल्ह्यात तारापूरला अणुवीज केंद्र आहे. पहिले दोन संच १९६९ पासूनचे, प्रत्येकी १६० मेगावॉटचे. पुढचे दोन २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे. बेरीज १,४०० मेगावॉट. म्हणजे कागदावरच्या क्षमतेत दोन्ही केंद्रं जवळजवळ सारखी. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

आधी कोळसा:

    क्षमता = १३२०
    तास = २४
    युनिट = क्षमता * १००० * तास
    कोळसा = युनिट * ०.६५
    प्रिंट(युनिट, कोळसा)

एक मेगावॉट म्हणजे १,००० किलोवॉट, म्हणून १००० ने गुणलं. आपल्याकडचा कोळसा धरला तर एक युनिट विजेला साधारण ०.६५ किलो लागतो असं आम्ही मानलं. केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर उत्तर येतं ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट, आणि त्यासाठी २ कोटी ५ लाख ९२ हजार किलो कोळसा. टनांत २०,५९२. रेल्वेच्या एका वाघिणीत ६० टन धरले तर ३४३ वाघिणी, म्हणजे जवळजवळ सहा मालगाड्या. दररोज! आपल्या कोळशात साधारण एक तृतीयांश राख असते, म्हणजे रोजची सात हजार टन राख वेगळीच.

आता युरेनियम. इथे दोन वाक्यांत विज्ञान. युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर एक न्यूट्रॉन आदळला की केंद्रक फुटून त्याचे दोन तुकडे होतात, भरपूर उष्णता निघते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. याला विखंडन म्हणतात. त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, पुढे सगळं औष्णिक केंद्रासारखंच. बदलते ती फक्त चूल.

लक्षात ठेवायचा आकडा असा: १ ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर साधारण १ मेगावॉट उष्णता पूर्ण दिवसभर मिळते. बहिणीने लगेच लिहिलं, १३२० मेगावॉटला १,३२० ग्रॅम. मी म्हटलं, थांब. ती मेगावॉट उष्णता आहे, वीज नाही. अणुकेंद्रात तीन हिस्से उष्णतेतून जेमतेम एक हिस्सा वीज होते. म्हणून:

    उष्णता = क्षमता * ३
    ग्रॅम = उष्णता * १
    प्रिंट(ग्रॅम)

उत्तर ३,९६०. चार किलो! एका बाजूला सहा मालगाड्या, दुसऱ्या बाजूला चार किलो. ती ओरडलीच, "हे ग्रुपवर टाकते!"

नको टाकू म्हटलं. प्रोग्रामने तू विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय, पण प्रश्न अर्धा आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये २३५ जातीचे अणू हजारात फक्त सात असतात. बाकी जवळजवळ सगळे २३८. शिवाय भट्टीत घातलेलं सगळं जळत नाही. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचांत असं नैसर्गिक युरेनियमच वापरतात, सोबत जड पाणी. अशा भट्टीत एक टन इंधनातून साधारण ७,००० मेगावॉट-दिवस उष्णता मिळते. मग ३,९६० भागिले ७,००० करा. ०.५६६ टन, म्हणजे ५६६ किलो.

चार किलोचे ५६६ किलो झाले! तरीही कोळशाच्या तुलनेत छत्तीस हजार पट कमी. पण "चार किलो" आणि "५६६ किलो" यांत जो फरक आहे, तोच फॉरवर्ड आणि अभ्यास यांतला फरक आहे. पहिला व्यायाम इथे संपला. शिकलो काय? व्हेरिएबल, गुणाकार, आणि एकक तपासल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही.

प्रोग्राम २: कांदा आणि कोबाल्ट (फॉर लूप)

लूप समजावताना मला भिंतीपलीकडच्या खडखडाटाचा उपयोग झाला. काका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, त्यामुळे तिला माग पाठ आहे. म्हटलं, धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक धागा पडतो. काम तेच, फेरी पुढची, कापड थोडं वाढलेलं. लूप म्हणजे एवढंच. "अमुक इतक्या फेऱ्या" असं आधी ठरलं असेल तर फॉर. "टॉवेल पूर्ण होईपर्यंत" असं असेल तर व्हाइल. ती म्हणाली, "एवढंच होतं?" हो, एवढंच होतं.

आता लूपसाठी प्रश्न. कांद्याच्या बाबतीत सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साठवलेल्या कांद्याला कोंब फुटतात आणि माल वाया जातो. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" नावाचं केंद्र आहे. तिथे कांद्यावर कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण सोडतात, कोंब येणं थांबतं. कांदा त्याने किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण होत नाही, तसंच.

पण कोबाल्ट-६० स्वतः हळूहळू संपत असतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. अर्धायुष्य म्हणजे जेवढ्या काळात निम्मे अणू बदलून जातात तेवढा काळ. निम्मे उरले की पुढच्या ५.२७ वर्षांत त्याचे निम्मे. इथे नवखे चुकतात. त्यांना वाटतं ५.२७ वर्षांत निम्मा संपला तर दुप्पट काळात सगळा संपेल. संपत नाही, पाव उरतो.

५.२७ वर्षांत निम्मा म्हणजे दर वर्षाला किती? गणित केलं तर दर वर्षी साधारण ०.८७७ पट उरतो. मग:

    कोबाल्ट = १००
    फॉर वर्ष इन रेंज(१, ७):
        कोबाल्ट = कोबाल्ट * ०.८७७
        प्रिंट(वर्ष, कोबाल्ट)

उत्तरं साधारण अशी येतात: ८७.७, ७६.९, ६७.५, ५९.२, ५१.९, ४५.५. पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये ५० ओलांडलं, म्हणजे ५.२७ शी जुळलं. प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे असं तपासायचं. माहीत असलेल्या एका आकड्याशी ताडून बघायचं.

रेंजमध्ये ७ लिहिलं तरी सहाच फेऱ्या होतात, कारण रेंज शेवटचा आकडा घेत नाही. इथे प्रत्येक जण एकदा तरी अडखळतो. तुम्हीही अडखळा, हरकत नाही.

आता खरा प्रश्न. कोबाल्ट निम्मा झाला तर कांद्याला तेवढाच डोस द्यायला वेळ किती लागेल? दुप्पट. म्हणजे हा सहा ओळींचासुद्धा नसलेला लूप कुणाच्या तरी कामाचा आहे. केंद्र चालवणाऱ्याला हा हिशेब ठेवावाच लागतो. चांदण्यांच्या त्रिकोणाचं असं काही सांगता येईल का?

प्रोग्राम ३: बॉम्ब आणि भट्टी (एका गुणकाचा फरक)

आता भांडणाच्या मुळाशी. एका विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात असं म्हटलं ना? त्यांतले काही बाहेर निसटतात, काही दुसऱ्या अणूंत शोषले जातात, काही पुढचं केंद्रक फोडतात. सगळा खेळ एका आकड्यावर आहे: या पिढीतल्या एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत सरासरी किती? त्याला गुणक म्हणूया.

    न्यूट्रॉन = १०००
    गुणक = १.१
    फॉर फेरी इन रेंज(१००):
        न्यूट्रॉन = न्यूट्रॉन * गुणक
    प्रिंट(न्यूट्रॉन)

गुणक १.१ ठेवला तर शंभर फेऱ्यांनंतर १ कोटी ३७ लाखांच्या वर. ०.९ ठेवला तर ०.०३ च्या आत, म्हणजे विझलीच. आणि बरोबर १ ठेवला तर हजाराचे हजार. वीज बनवणारी भट्टी या १ वर चालवतात. बातमीत "अणुभट्टी क्रिटिकल झाली" असं वाचून लोक घाबरतात. पण क्रिटिकल म्हणजे गुणक १ झाला, भट्टी सुरू झाली. ती आनंदाची बातमी असते. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत-बाहेर करून हा आकडा सांभाळतात.

मग बॉम्ब? एकापासून सुरुवात करा, गुणक २ ठेवा, ८० फेऱ्या फिरवा. जो आकडा येतो तो साधारण अर्धा किलो युरेनियममधल्या अणूंएवढा आहे. आणि या ८० फेऱ्या व्हायला सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही. पण त्यासाठी साधारण ९० टक्के युरेनियम-२३५ लागतं. भट्टीतल्या इंधनात ते हजारात सात, किंवा समृद्ध केलेलं असलं तरी शंभरात दोन-चार-पाच. तेवढ्यावर हा गुणक असा धावू शकत नाही. म्हणून अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही. फॉरवर्डमधला पहिला मुद्दा इथे गेला.

बहिणीने मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. "दादा, गुणक चुकून १.००१ झाला तर?" हा प्रश्न ऐकून मला खरंच भारी वाटलं, कारण तो पाठ करून येत नाही.

करून बघितलं. साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात उरकते. म्हणजे एका सेकंदात १०,००० फेऱ्या. रेंजमध्ये १०००० टाका, गुणक १.००१. उत्तर जवळजवळ २२,००० पट! एका सेकंदात. माणूस बटणापर्यंत हात नेईपर्यंत सगळं संपलेलं.

मग भट्ट्या चालतात कशा? कारण सगळे न्यूट्रॉन लगेच सुटत नाहीत. युरेनियम-२३५ च्या विखंडनात शंभरात एकाहून थोडे कमी, साधारण ०.६५ टक्के न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा येतात. त्यांना विलंबित न्यूट्रॉन म्हणतात. भट्टी अशी चालवतात की या उशिरा येणाऱ्यांच्या मदतीशिवाय गुणक १ ला पोचतच नाही. त्यामुळे पिढीचा सरासरी काळ सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाएवढा होतो. म्हणजे एका सेकंदात फेऱ्या दहाच. रेंजमध्ये १० टाका. उत्तर १.०१. सेकंदाला एक टक्का वाढ. दांडे खाली सोडायला भरपूर वेळ.

तोच लूप, तोच गुणक, फक्त रेंजमधला आकडा बदलला. २२,००० पट की एक टक्का, हे ते मूठभर उशिरा येणारे न्यूट्रॉन ठरवतात. कॉलेजला उशिरा येणाऱ्या पोरांनी याचा गैरफायदा घेऊ नये.

काकांचा प्रश्न

संध्याकाळी काका कामावरून आले. बहिणीने त्यांना फोनवर सगळं दाखवलं, मालगाड्या, कांदा, गुणक. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बरं. मग ते जपानचं काय झालं? तिथं तर भूकंप आल्या आल्या भट्टी बंद झाली होती म्हणं. बंद केलेली भट्टी पेटली कशी?"

दोघंही गप्प. आमच्या प्रोग्राममध्ये गुणक एकाच्या खाली गेला की न्यूट्रॉन शून्याकडे जातात, विषय संपला. प्रोग्राम तर म्हणत होता काही व्हायलाच नको होतं.

काकांची माहिती खरी होती. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात चालू असलेल्या भट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली. मग त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरांत शिरलं, इंधन थंड ठेवणारे पंप थांबले, आणि पुढे तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. हायड्रोजन साठून स्फोट झाले, तेही बॉम्बसारखे नव्हते, पण किरणोत्सर्ग बाहेर पडला आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तारापूरचे पहिले दोन संचही उकळत्या पाण्याच्या जातीचेच आहेत, फुकुशिमाच्या पहिल्या संचासारखेच जनरल इलेक्ट्रिकचे. काकांचा प्रश्न लांबच्या देशाचा नव्हता.

मी उत्तर सांगायला तोंड उघडलं, पण काकाच पुढे बोलले, "मागाचं बटण बंद केलं तरी मोटर दोन-चार फेरे फिरतीच की. तसलं काय असतंय का?"

बरोबर तसलंच असतं!

प्रोग्राम ४: बंद भट्टीची धग (दोन जुने प्रोग्राम जोडून)

केंद्रक फुटून जे तुकडे होतात ते स्वतः किरणोत्सर्गी असतात. साखळी थांबली तरी ते तुकडे आपापल्या अर्धायुष्याप्रमाणे बदलत राहतात आणि उष्णता सोडत राहतात. भट्टी बंद केली त्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या साधारण सहा टक्के असते. हे बटणाने बंद होत नाही.

म्हणजे उत्तर तिसऱ्या प्रोग्राममध्ये नव्हतंच, दुसऱ्यात होतं. कोबाल्टचा एक ढीग होता, इथे वेगवेगळ्या अर्धायुष्यांचे अनेक ढीग. खऱ्या भट्टीत असे शेकडो प्रकार असतात. आम्ही तीनच घेतले आणि आकडे खऱ्या वागण्याशी साधारण जुळतील असे ठेवले:

    ढीग = [[४.५, १०], [१, १८०], [०.५, ११५२०]]
    मिनिटं = ६०
    एकूण = ०
    फॉर टक्के, अर्धायुष्य इन ढीग:
        एकूण = एकूण + टक्के * ०.५  ** (मिनिटं / अर्धायुष्य)
    प्रिंट(एकूण)

पहिल्या ढिगाचं अर्धायुष्य १० मिनिटं, दुसऱ्याचं तीन तास, तिसऱ्याचं आठ दिवस, सगळं मिनिटांत लिहिलंय. दोन चांदण्या म्हणजे घात. हा प्रोग्राम बहिणीने स्वतः लिहिला. लूप कुठे लावायचा हे मी सांगितलं नाही. दोनदा कंस चुकला, एकदा मिनिटं आणि तास यांची गल्लत झाली, पण तिने वही उघडली नाही.

उत्तरं: बंद करताना ६ टक्के, तासाभराने १.३६, एका दिवसाने ०.४६, आठवड्याने ०.२७. ५४० मेगावॉट विजेच्या भट्टीत साधारण १,७०० मेगावॉट उष्णता असते. तिचे ०.४६ टक्के म्हणजे ७.८ मेगावॉट. दोन किलोवॉटचे ३,९०० गीझर, भट्टी बंद करून एक दिवस झाल्यावरही चालू! पाणी फिरतं राहिलं तर काही अडचण नाही. पाणी थांबलं तर इंधन तापत जातं. फुकुशिमात हेच झालं.

महिन्याचा आकडा टाकला तर आमचा प्रोग्राम खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवतो, कारण जास्त टिकणारे ढीग आम्ही घेतलेच नाहीत. चौथा ढीग तुम्ही जोडा.

काकांनी आकडे बघितले. पटलं का विचारलं. म्हणाले, "बॉम्ब न्हाई ते पटलं. पण मग पंपाला वीज कुठनं येणार, ते आधी विचारायला पाहिजे." माझ्या मते या विषयावर आमच्या ग्रुपवर आलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला १,७३० मेगावॉटचे सहा संच प्रस्तावित आहेत. कित्येक वर्षं झाली, तिथल्या गावकऱ्यांचा आणि मच्छीमारांचा विरोध आहे, प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. तुम्ही बाजूने असा की विरोधात, प्रश्न काकांसारखा नेमका विचारा. "बॉम्ब आहे" म्हणणाऱ्याला तिसरा प्रोग्राम दाखवा. "काहीच होत नाही" म्हणणाऱ्याला चौथा.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास

एक. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं. व्हाइल लूप लावून सांगा, १०० चे १ च्या खाली यायला अशी किती अर्धायुष्यं लागतील आणि त्याची वर्षं किती? उत्तर आल्यावर कचऱ्याचा प्रश्न इतका अवघड का आहे ते कळेल.

दोन. शंभर नाणी फेका, म्हणजे रँडम वापरून. छापा आलेली बाजूला काढा, उरलेली परत फेका. प्रत्येक फेरीला किती उरली ते छापा. प्रोग्राम दोनदा चालवा. आकडे दर वेळी वेगळे येतील, पण साधारण निम्मे-निम्मे होत जातील. एक अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, तरी अर्धायुष्य पक्कं असतं, ते का, हे या नाण्यांतून समजेल.

तीन. पहिल्या प्रोग्राममध्ये तुमच्या घरचं महिन्याचं वीजबिल टाका. तुमच्या घरासाठी महिन्याला किती किलो कोळसा जळतो?

बहिणीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते आज मला सांगता येत नाही. पेपरात अणुभट्टी विचारणार नाहीत, कदाचित चांदण्यांचा त्रिकोणच येईल, उलटा. परवा तिने फोनवर तोच सोडवून पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, वरून खाली मोजलं, धोट्यासारखं. वहीत न बघता."

शाखा बदलायचा विषय सध्या घरात कुणी काढलेला नाही. तुमच्याही घरात कुणाचा विषय राहिला असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि तुमचाही कधी राहिला असेल तर तेही सांगून टाका. भेटूया पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत कंस नीट बंद करत चला!